दोन्हींत बसलेल्याचं मत

संक्रांत जवळ आली की सोलापुरात एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. यंदा गड्ड्याला पाळणा किती उंच आलाय? गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत भरणारी आमची जत्रा. होम मैदानावर ट्रकमधून लोखंड उतरायला लागतं, दोन दिवसांत सांगाडा उभा राहतो आणि चहाच्या टपरीवर, रिक्षात, शाळेच्या फाटकापाशी उंचीची चर्चा सुरू होते. आकडा तोंडोतोंडी वाढत जातो. लहानपणापासून मी हे ऐकत आलोय आणि बरीच वर्षं मीही त्यात सामील होतो.

माझा भाचा आठवीत आहे. गेल्या वर्षी गड्ड्यातून परतताना मी त्याला विचारलं, "सगळ्यात भारी काय वाटलं?" क्षणाचाही विचार न करता तो म्हणाला, "आकाशपाळणा. सगळ्यात उंच तोच होता की, मामा." मी म्हटलं, "उंच होता ते मलाही दिसलं. तुला आवडलं काय?" पोरगं गप्प झालं. सात रस्ता येईपर्यंत काही बोललं नाही. मग हळूच म्हणालं, "आवडलं तर जहाज आवडलं. पण ते लहान हाय ना."

त्या 'पण'ने मला अस्वस्थ केलं. तेरा वर्षांच्या मुलाला काय आवडलं हे त्याच्या पोटाला कळलं होतं, पाठीच्या कण्याला कळलं होतं, तरी सांगताना त्याला ते चुकीचं उत्तर वाटलं. कारण त्याच्या कानावर आजवर एकच मोजपट्टी पडली होती. सगळ्यात उंच, सगळ्यात मोठं, सगळ्यात वेगवान. पुतळे, पूल, मॉल, देखावे आपण याच पट्टीने मोजतो आणि मुलांच्या हातातही तीच देतो. ही पट्टी अपुरी आहे हे मला ज्यांच्याकडून कळलं ते लोक या पट्टीचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक असायला हवे होते. रोलर कोस्टरचं वेड घेतलेले लोक.

जगभर अशी हजारो माणसं आहेत. सुट्टी काढून, पैसे साठवून ती एका देशातून दुसऱ्या देशात जातात ती केवळ रुळावरून वरखाली जाणाऱ्या गाडीत बसायला. अमेरिकेत त्यांची संघटना १९७८पासून आहे. कुठल्या कोस्टरमध्ये किती वेळा बसलो, कुठल्या रांगेत बसलो, याच्या वह्या ते ठेवतात. आणि एकत्र आले की भांडतात, अगदी मनापासून. सगळ्यात चांगला कोस्टर कोणता? हे भांडण मी बरीच वर्षं लांबून वाचत आलोय. मला ते पोरखेळ वाटत नाही. आपल्याला काय आवडतं आणि का आवडतं हे नीट सांगण्याची ती एक तालीम आहे, आणि अशी तालीम आपल्याकडे फार कमी होते.

आधी आकड्यांचं बघू. अमेरिकेत न्यू जर्सीतला 'किंगडा का' २००५ साली सुरू झाला तेव्हा जगातला सर्वात उंच कोस्टर होता. १३९ मीटर. साडेतीन सेकंदांत ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे, सरळ वर, सरळ खाली, अर्ध्या मिनिटाच्या आत खेळ संपला. २०२५च्या फेब्रुवारीत तो पाडला. लोकांना हळहळ वाटली, रेकॉर्डबद्दल सगळे बोलले, पण सर्वात उंच असूनही दर्दी लोकांच्या याद्यांत तो वर्षानुवर्षं पहिला राहिला असं झालं नाही. ओहायोतल्या सीडर पॉइंट या पार्कचं उदाहरण तर आणखी बोलकं. तिथे २००० साली 'मिलेनियम फोर्स' आला, ९० मीटरच्या वर. तीनच वर्षांनी त्याच पार्कात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, सव्वाशे मीटरहून उंच 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' उभा राहिला. उंची आणि वेग दोन्हींत नवा कोस्टर सरळ पुढे. तरीही पुढची अनेक वर्षं मानाच्या 'गोल्डन तिकीट' पुरस्कारांत पोलादी कोस्टरांत पहिल्या क्रमांकासाठी नाव घेतलं जायचं ते 'मिलेनियम फोर्स'चं.

आणि 'फिनिक्स'. हा मला सगळ्यात जवळचा वाटतो, अजून त्यात बसण्याचा योग आलेला नसला तरी. हा लाकडी कोस्टर १९४७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत उभा राहिला. तिथलं पार्क बंद पडलं, कोस्टर वर्षानुवर्षं ओसाड पडून राहिला. मग पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्स नावाच्या पार्काने तो सुटा करून नेला आणि १९८५ साली पुन्हा उभारला. उंची जेमतेम २४ मीटर. एकही उलटा फेरा नाही. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग, आपल्या पुणे रस्त्यावरची एसटीसुद्धा तेवढी जाते. आणि हा म्हातारा २०१८पासून पुढे कितीतरी वर्षं त्याच 'गोल्डन तिकीट' पुरस्कारांत लाकडी कोस्टरांत पहिला येत राहिला. का? शेवटी असलेल्या लहान लहान टेकड्यांमुळे. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर माणूस बाकावरून उचलला जातो, आणि मांडीवरचा जुन्या पद्धतीचा दांडा दोघांत एकच आणि थोडा सैल असल्यामुळे ते उचलणं पुरेपूर जाणवतं.

ही माणसाला बाकावरून सोडवणारी गोष्टच कोस्टरवेड्यांच्या लेखी सगळ्यात मोलाची. ते तिला 'एअरटाइम' म्हणतात. आपण म्हणतो पोटात गोळा येणं. पण आपण तिथेच थांबतो आणि ते तिथून सुरू करतात. हळूच पिसासारखं वर तरंगवणारा गोळा वेगळा, ताडकन बाकावरून भिरकावणारा वेगळा. उलट्या फेऱ्याच्या माथ्यावर क्षणभर पट्ट्यांना लोंबकळल्यासारखं वाटतं ते तिसरं. दरीच्या तळाशी अंग जड होतं, मान खाली दाबली जाते, ते चौथं. याशिवाय गाडी मध्येच सुस्तावते की शेवटपर्यंत दम टिकवते, रूळ गुळगुळीत आहेत की हाडं खिळखिळी करतात, हेही ते वेगवेगळं मोजतात. ज्या अनुभवाला आपल्याकडे एक शब्द आहे त्याला त्यांनी सहासात शब्द दिले. शब्द आले तेव्हा तुलना आली. ज्या माणसाकडे 'भारी' आणि 'एकदम भारी' एवढंच असतं त्याला शेवटी उंचीचाच आधार घ्यावा लागतो, दुसरं तो सांगणार काय?

आणि असं नाही की सोलापूरकराला हे मुळात कळत नाही. जहाजात टोकाच्या बाकावर बसायचं, मध्ये बसणं म्हणजे पैसे वाया, हे गड्ड्याला जाणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं. टोकाची जागा मिळावी म्हणून रांगेत चाललेली रेटारेटी मी पन्नास वेळा पाहिली असेल. जहाज एका अंगाला वर जाऊन क्षणभर थबकतं आणि परत फिरतं. त्या क्षणी टोकावरचा माणूस बाकावरून सुटल्यासारखा होतो, मधल्याला नुसता झोका मिळतो. कोस्टरमध्येही तसंच. सगळ्या डब्यांचा वेग कुठल्याही क्षणी एकच असतो, पण पुढचा डबा उतारावर येतो तेव्हा गाडीचा बराचसा भाग मागच्या चढावरच असतो, म्हणून पुढचे सावकाश खाली वळतात. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत गाडी खाली धावायला लागलेली असते, तो माथ्यावरून खेचला जातो. म्हणून पुढे बसणाऱ्याला वारा आणि समोरचा रिकामा देखावा, मागे बसणाऱ्याला ओढ. एकाच गाडीतल्या दोन माणसांनी दोन वेगळ्या राइड घेतलेल्या असतात. ब्रेकडान्समध्ये दोघं दणकट एका अंगाला बसले की कप जास्त गरगरतो हेही आपली पोरं ओळखून आहेत. ज्ञान आहे, फक्त त्याला बोलण्यात जागा नाही.

आता तुलना करण्याची रीत. माझ्या मते कोस्टरवेड्यांची खरी कमाई ती आहे.

माझे वडील अशोक चौकाच्या बाजूला एका कारखान्यात मागावर होते. चादरीचं त्यांना विलक्षण कळायचं. घरी कुणी नवीन चादर आणली आणि विचारलं, "चांगली आहे का ओ?" तर ते लगेच बोलायचे नाहीत. "दुसरी आण," म्हणायचे. दोन चादरी शेजारी शेजारी अंथरायच्या, दोन्हींवरून तळहात फिरवायचा, कडा चिमटीत धरायची, उलटी बाजू बघायची, मग म्हणायचे, "ही." एकटी चादर बघून ते कधी मत देत नसत. आणि जी हातात घेतली नाही तिच्याबद्दल तर मुळीच नाही. मग ती कितीही मोठ्या दुकानातली असो.

१९९४ साली अमेरिकेतल्या मिच हॉकर नावाच्या एका कोस्टरवेड्याने एक मतमोजणी सुरू केली. जवळजवळ वीस वर्षं ती चालली. तिची रीत वाचली तेव्हा मला वडिलांचा तळहात आठवला. सरळ मतं घेतली तर काय होतं बघा. समजा, एका प्रसिद्ध पार्कातल्या कोस्टरमध्ये एक हजार मतदार बसले आहेत आणि आडगावच्या एका कोस्टरमध्ये फक्त शंभर. 'तुमचा आवडता सांगा' म्हटलं की प्रसिद्ध कोस्टर जिंकणार. तो चांगला असेल म्हणून नव्हे, तिथे जास्त लोक पोचले म्हणून. हॉकरच्या मोजणीत दर दोन कोस्टरांची आपसात कुस्ती लावायची आणि पंच फक्त तेच, जे दोन्हींत बसले आहेत. समजा असे साठ जण निघाले आणि त्यांतल्या चाळीस जणांनी आडगावचा वर लावला, तर ती कुस्ती आडगावच्या कोस्टरने मारली. मग प्रसिद्ध कोस्टरच्या बाजूला उरलेले नऊशे चाळीस लोक काहीही म्हणोत, त्यांनी दुसरी चादर हातात घेतलेलीच नाही. अशा सगळ्या कुस्त्यांतल्या हारजितीवरून क्रमांक.

यात एक न्याय आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान गावातली, कमी लोकांनी पाहिलेली गोष्ट या रीतीत लहान ठरत नाही. मोठ्या शहरांच्या सावलीत राहणाऱ्या सोलापूरसारख्या गावातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. आमच्याकडच्या कितीतरी गोष्टी 'कुणी ऐकलेलं नाही' या एका कारणावरून खालच्या रांगेत बसवल्या जातात. किती जणांनी ऐकलं आणि गोष्ट कशी आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. मतमोजणीने ते वेगळे ठेवता येतात हे कोस्टरवेड्यांनी करून दाखवलं.

या रीतीतली उणीवही सांगितली पाहिजे. दोन्हींत बसायला पैसे लागतात. सोलापूर हे मुंबई-हैदराबाद रस्त्याच्या मधोमध. पश्चिमेला सव्वातीनशे किलोमीटरवर खोपोलीजवळ इमॅजिका, तिथला २०१३ सालचा 'नायट्रो'. पायाखाली तळ नसलेला, पाच उलटे फेरे घेणारा, स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबिलार्ड या नामांकित कंपनीने घडवलेला. पूर्वेला तीनशे किलोमीटरवर हैदराबादची वंडरला. अंतर सारखंच, पण चौघांच्या कुटुंबाचं तिकीट, प्रवास, एक मुक्काम असा हिशेब केला तर विडी वळणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्या घराला दोन्हीकडे जाणं परवडत नाही, बऱ्याचदा एकीकडेही नाही. मी स्वतः पहिला रोलर कोस्टर पाहिला तो नव्वदच्या दशकात, शाळेच्या सहलीत, होडीतून गोराईला उतरून एस्सेलवर्ल्डमध्ये. दुसऱ्यात बसायला नोकरी लागेपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे 'दोन्हींत बसलेला' हा पंच बहुतेक वेळा खिशात पैसे असलेला असतो आणि जगाच्या याद्यांत तो बहुतेक अमेरिकेतला किंवा युरोपातला असतो. म्हणून जगातल्या पहिल्या शंभरांची यादी वाचताना ती कुणाच्या पायांनी फिरून झाली आहे हे ध्यानात ठेवावं. पण त्यावरून रीत टाकून द्यावी असं मला वाटत नाही. रीत आपल्या आवाक्यातल्या गोष्टींना लावावी. होम मैदानावर एका संध्याकाळी चार पाळण्यांत बसता येतं. तिथे प्रत्येकजण पंच होऊ शकतो.

काही मित्र म्हणतात, कशाला एवढा काथ्याकूट, ज्याची त्याची आवड. हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण मला ते आळशी वाटतं. शेंगाचटणी कुणाची चांगली यावर आपण तासभर बोलतो. कुटलेली की यंत्रातली, तेल सुटलंय का, लसूण पुढे आलाय का. तिथे कुणी 'ज्याची त्याची आवड' म्हणून उठून जात नाही, कारण बोलता बोलता चव कळते. कोस्टरवाले वाद कसा घालतात बघा. एक म्हणतो, मला तो रटाळ वाटला. दुसरा विचारतो, कुठल्या रांगेत बसला होतास? सकाळी की रात्री? सकाळी चाकं आणि वंगण थंड असतं, गाडी जड चालते. तीच गाडी उन्हात तापून संध्याकाळी सुसाट सुटते. एकदाच बसलास का? पहिल्या खेपेला माणूस भीतीत असतो, राइड त्याला दिसतच नाही. एवढं विचारल्यावरही मत वेगळं राहिलं तर राहू दे, आता ते मत ऐकण्याजोगं झालं. आवड वेगळी असते म्हणूनच तिच्यावर बोलायचं.

नुसत्या मोजणीचा शौक मात्र मला पटत नाही. काही जण किती कोस्टर झाले एवढंच मोजतात, एकेका दिवसात दहादहा उरकतात, लहान मुलांच्या अळीच्या गाडीत बसून आकडा एकाने वाढवतात. तिथे उंचीच्या जागी दुसरा आकडा आला, एवढंच.

आता भीतीबद्दल. हे लिहिताना मला थोडं मागे जावं लागेल. कॉलेजात असताना एका जत्रेत, गाव सांगत नाही, आम्ही ज्या पाळण्यात बसलो त्याच्या दांड्याची खीळ जागेवर नव्हती. चालवणाऱ्या मुलाने सुतळीची गाठ मारली आणि पाळणा फिरवला. उतरल्यावर आठवडाभर मी ती गोष्ट मित्रांना रंगवून सांगत होतो. "सुतळीवर बसलो होतो बे!" त्या वर्षीच्या माझ्या यादीत तो पाळणा पहिला होता. आज मला त्याची लाज वाटते. माझ्या मागच्या बाकावर एक बाई मांडीवर लहान मूल घेऊन बसली होती.

धोका आणि थरार आपण एकाच पिशवीत टाकतो. पाळणा जेवढा करकरतो तेवढा भारी, असं आपल्याकडे पोरं खरंच म्हणतात. कोस्टरचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या माणसाने पाच सेंटांत जी गाडी सुरू केली ती ताशी दहा किलोमीटरने चालायची. तिथेच १८९५ साली पूर्ण गोल फेऱ्याचा 'फ्लिप फ्लॅप' आला. वर्तुळात शिरताना एवढा जोर बसायचा की लोकांच्या माना अवघडायच्या, तो फार वर्षं टिकला नाही. गोल फेरा नीट जमला तो १९७६मध्ये, कॅलिफोर्नियातल्या 'रिव्होल्यूशन'मध्ये, वर्तुळाऐवजी पाण्याच्या थेंबासारखा आकार दिल्यावर. आणि सगळ्यात मोठी युक्ती त्याच्या खूप आधीची. १९१९ साली जॉन मिलर नावाच्या अभियंत्याने रुळाच्या खालच्या बाजूने धरणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. वरून एक चाक, खालून एक चाक, रूळ मध्ये. गाडी आता रूळ सोडूच शकत नव्हती. त्यामुळे टेकडीवरून ती बिनधास्त जोरात सोडता आली, आणि माणूस बाकावरून उचलला जाऊ लागला. ज्या पोटातल्या गोळ्यासाठी लोक आज समुद्र ओलांडून जातात तो त्या खालच्या चाकाने दिला. आधी सुरक्षा आली, तिच्यातून थरार आला.

म्हणून जाणकारांच्या तुलनेत 'किती धोकादायक' असा रकाना नसतो. तो प्रश्न रांगेत उभं राहण्याआधीच सुटलेला असला पाहिजे. आमच्या गड्ड्यातही तो तसाच सुटलेला असावा, आणि सुटलाय हे लोकांना दिसावं. प्रत्येक पाळण्याच्या तिकीट खिडकीवर दराच्या पाटीएवढ्याच अक्षरांत तपासणीची तारीख, एका वेळी किती माणसं बसू शकतात तो आकडा आणि किती उंचीच्या मुलाला बसू द्यायचं ती खूण लावावी. खीळ नसलेला बाक रिकामा ठेवावा. उत्सवाशी संबंधित सगळ्यांनी, परवानगी देणाऱ्यांनी आणि आपण तिकीट काढणाऱ्यांनीही हे मागितलं पाहिजे. नऊशे वर्षांची सिद्धरामेश्वरांची परंपरा असलेल्या या यात्रेत अक्षता सोहळ्याला लाखांनी माणसं शिस्तीत उभी राहतात, नंदीध्वजांची वाट मोकळी ठेवतात. त्या गावाला पाळण्याच्या खिळीची शिस्त जमणार नाही असं मी मानत नाही.

यंदा भाच्याला मी वही घेऊन नेलं. नियम दोन. ज्यात बसलो नाही त्याचं नाव लिहायचं नाही, आणि दरवेळी दोघांतून एकच निवडायचं. शोभेचं दारूकाम होऊन चार दिवस झाले होते, गर्दी ओसरली होती. आकाशपाळण्यात माथ्यावर बाक थांबला तेव्हा खाली देवळाचे दिवे तळ्यात पडलेले दिसत होते, पलीकडे किल्ल्याची तटबंदी काळी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग टोराटोरा, मग ब्रेकडान्स, शेवटी जहाज, टोकाचा बाक. उसाच्या रसाच्या गाड्यावर बसून त्याने कुस्त्या लावल्या. आकाशपाळणा की ब्रेकडान्स? आकाशपाळणा, "वरून तळं दिसतं म्हणून, उंचीमुळं नव्हं." जहाज की आकाशपाळणा? जहाज. या खेपेला 'पण' आला नाही. माझ्या वहीत मात्र आकाशपाळणा वर होता. वाद सुरू झाला.

"मामा, जहाजात तुम्ही कुठल्या अंगाला बसला होता?" त्याने विचारलं.

"देवळाकडच्या."

"मी किल्ल्याकडच्या. तिकडं जास्त उचलतंय."

ग्लास तसेच ठेवून आम्ही परत तिकिटाच्या रांगेत गेलो.